रीजंट्स पार्कसमोरचा तो पांढरा 'राजवाडा': दगड आहे की गिलावा, आणि आत नक्की काय आहे?

पायपीट

मंडळी, एक शंका आहे, इथे आर्किटेक्ट लोक आहेत म्हणून विचारतोय. माझं ऑफिस लंडनला कॅम्डनच्या बाजूला आहे आणि पाऊस नसेल तर मी रीजंट्स पार्कातून चालत घरी येतो. पार्काच्या पूर्वेच्या कडेला कंबरलँड टेरेस नावाचं एक प्रकरण आहे, इतकं लांब की फोनच्या एका फोटोत मावत नाही, मधोमध दहा अजस्र खांब, त्यावर त्रिकोण, त्रिकोणात निळ्या रंगावर पांढऱ्या मूर्ती, वर कठड्यावर पण पुतळे उभे. कोणीही म्हणेल कुठल्यातरी ड्यूकचा महाल असणार. आणि जवळ जाऊन बघावं तर साधी दारं, प्रत्येक दाराला नंबर, बेल, एका पायरीवर कुरियरचा खोका. म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं आहेत ही सगळी, फक्त तोंड एक आहे.

तर प्रश्न असे की हे दगडाचं आहे की प्लास्टर? प्लास्टर असेल तर इथल्या पावसात दोनशे वर्षं टिकलं कसं, आमच्याकडे कोथरूडला बिल्डिंगचा गिलावा पंधरा वर्षांत पोपडे धरतो. सगळ्यांचा रंग एकच कसा, एकालाही वाटलं नाही का आपण फिकट हिरवा लावू? आणि एवढ्या खांबांच्या मागे ज्याचं घर आहे त्याला खिडकीतून बाहेर दिसतं तरी काय?

गुगल केलं पण तिथे नुसते भाडे आणि किमतीचे आकडे येतात, ते वाचून बीपी वाढलं.

चुनखडी

छान विषय काढलास. मी पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, पण शिकायला इंग्लंडमध्ये होते त्यामुळे या रांगांचा (तिकडे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, अशी जोडून बांधलेल्या घरांची रांग) जरा जास्तच अभ्यास झालाय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पायऱ्याबियऱ्या सोडल्या तर समोरून जे दिसतं ते बहुतेक सगळं विटांवरचा गिलावा आहे. हा जॉन नॅश या आर्किटेक्टचा कारभार. ही जागा राजघराण्याची, आधी मेरिलबोन पार्क म्हणायचे, पोर्टलंडच्या ड्यूककडची लीज १८११ ला संपली आणि जमीन परत ताब्यात आली. राजा तिसरा जॉर्ज आजारी, गादीचं काम त्याचा मुलगा बघायचा म्हणून तो प्रिन्स रीजंट, त्याच्या नावाने हे पार्क. नॅशने प्लॅन दिला की मध्ये बाग ठेवा आणि कडेने महालासारख्या रांगा उठवा, लोक बागेच्या व्ह्यूसाठी पैसे मोजतील. पण घरं बांधायला सरकारी खजिना नाही उघडला कोणी. प्लॉट बिल्डरला ९९ वर्षांच्या लीजवर, अट एवढीच की पुढचा चेहरा नॅश देईल त्या ड्रॉइंगप्रमाणे झाला पाहिजे, आतल्या खोल्या, जिने, भिंतींची जाडी हे बिल्डर जाणे आणि त्याचं गिऱ्हाईक जाणे. कंबरलँड १८२६ ची, बिल्डर विल्यम नर्स, नॅशच्या हाताखाली काम बघायला जेम्स थॉमसन, त्रिकोणातल्या मूर्ती बब नावाच्या शिल्पकाराच्या. आणि सगळ्या रांगांत हीच सर्वात थाटाची का, तर पार्कात हिच्या समोर रीजंटसाठी एक छोटा उन्हाळी महाल होणार होता. तो झालाच नाही. समोरचा मालक आलाच नाही आणि दहा खांब गेली दोनशे वर्षं झाडांकडे बघत उभे आहेत.

आता गिलावा. त्या काळात दोन-तीन प्रकार चालायचे, साधा चुना, तेलात कालवलेलं मॅस्टिक, आणि जेम्स पार्करने १७९६ ला पेटंट घेतलेलं रोमन सिमेंट. नाव रोमन पण माल थेम्सच्या मुखाजवळच्या शेपी बेटावरचा, किनाऱ्याच्या चिकणमातीत चुनखडीचे गोटे मिळतात ते भाजून दळायचे. हे सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत सेट होतं त्यामुळे गवंड्याने कालवलं की पळायचंच. खिडक्यांवरच्या त्या लांब नक्षीच्या पट्ट्या हाताने कोरलेल्या नाहीत, पत्र्याचा प्रोफाइल कापून लाकडाच्या साच्याला ठोकायचा आणि ओल्या मालावरून पट्टीच्या आधाराने ओढत न्यायचा, परत माल मारायचा, परत ओढायचा. मी एकदा ट्रेनिंगमध्ये ओढलाय, खांदा दोन दिवस दुखत होता.

दुरून बघताना खालच्या मजल्यावर दगडाचे मोठे चिरे दिसतात ना, त्या गिलाव्यात मारलेल्या खाचा आहेत. रोमन सिमेंट सुकल्यावर तपकिरी दिसतं, बरं नाही दिसत, म्हणून त्यावर रंग आलाच, आणि तो मुळात पांढरा नव्हता, बाथ गावच्या दगडासारखा पिवळट. सगळा आव दगडाचा होता त्यामुळे रंगही दगडाचाच. आज जो दुधी शुभ्रपणा दिसतो तो नंतरचा शौक आहे.

हिरवा का नाही लावत याचं उत्तर पण लीजमध्येच. जमीन अजूनही क्राउन इस्टेटची, म्हणजे राजघराण्याच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेची, रंग कुठला आणि किती वर्षांनी काढायचा हे करारात लिहिलेलं असतं.

तिरकस

म्हणजे लग्नाच्या हॉलपुढे थर्माकोलच्या खांबांची कमान लावतात तसलाच प्रकार की हा. पुढून राजवाडा मागून पत्र्याची शेड. फक्त साहेबाने केलं की हेरिटेज आणि आपल्या डेकोरेटरने केलं की चीप. त्यांच्या त्यांच्यात कोणी नावं ठेवली नाहीत का याला?

चुनखडी

ठेवली की, आणि तुझ्यापेक्षा चांगली ठेवली. १८२६ मध्येच एका नियतकालिकात चार ओळी छापून आल्या होत्या, आशय असा की रोमन सम्राट ऑगस्टसला रोम विटांचं मिळालं आणि त्याने ते संगमरवरी करून ठेवलं, आपला नॅश पण केवढा मोठा बघा, त्याला लंडन विटांचं मिळालं आणि तो ते प्लास्टरचं करून जातोय.

पण तुझं 'मागून पत्र्याची शेड' मला मान्य नाही. मागून साधी वीट आहे, ती लपवलेली नाही, कोणीही गल्लीत शिरून बघू शकतं. हे फसवण्यापेक्षा हिशोबाचं काम आहे. दगड बाथहून नाहीतर पोर्टलंडहून आणायचा तर एकाही बिल्डरला ते परवडलं नसतं, आणि प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलं असतं तर पार्काच्या कडेने सुटी-सुटी घरं दिसली असती आणि आज तू त्यांच्याकडे मान वळवून पण बघितलं नसतं. खांब एका घराचे नाहीतच, ते रांगेचे आहेत, आणि खरं म्हणजे बागेत फिरणाऱ्यासाठी आहेत. मधल्या घरवाल्याला उलट उजेड थोडा कमीच मिळत असेल.

आतला क्रम मात्र सगळीकडे ठरलेला. तळघरात स्वयंपाकघर, रस्ता आणि घर यांच्यात तो रेलिंग लावलेला खड्डा आहे त्यामुळे तिथे उजेड येतो, फूटपाथखाली कोळशाच्या कोठ्या. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, म्हणून सगळ्यात उंच खिडक्या तिथे, वर चढत जाशील तसतशा खिडक्या बुटक्या होत जातात आणि सर्वात वर कठड्याच्या मागे नोकरांच्या खोल्या. पुढच्या वेळी खिडक्यांची उंची बघ, कोण कुठे राहायचं ते रस्त्यावरून वाचता येतं. घोडे आणि बग्ग्या मागच्या गल्लीत.

समुद्राकाठी

रंगावरून आठवलं म्हणून लिहितेय. आम्ही होव्हला राहतो, ब्रायटनला लागून, ब्रन्सविक भागात भाड्याने फ्लॅट आहे. ही पण अशीच पांढऱ्या-पिवळ्या रांगांची वस्ती, चार्ल्स बझ्बी आणि अमॉन वाइल्ड्स या दोघा आर्किटेक्टांनी १८२४ च्या सुमारास सुरू केलेली, समुद्राकडे तोंड करून. इथे तर रंगासाठी कायदाच आहे, होव्ह बरो कौन्सिलचा १९७६ चा, दर पाच वर्षांनी पुढची भिंत रंगवायची आणि रंग ठरलेला क्रीम. परांची उभी राहिली की सगळ्या बिल्डिंगला कळतं आता वर्गणीचं पत्र येणार. आमच्या घरमालकीणबाई त्या वर्षी भाडं वाढवतातच.

पण खरी मजा भिंतीच्या आत आहे. पायपीटदादा तुम्ही विचारलं ना टिकतं कसं, तर इथल्या कितीतरी घरांत प्लास्टरच्या मागे नीट विटा पण नाहीत, बंगारूश म्हणून एक प्रकार आहे, फळ्या लावायच्या आणि मध्ये चुना, गारगोट्या, विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा, जे हाताला लागेल ते ओतायचं. इथे जोक आहे की ब्रायटन पाडायचं असेल तर जोरदार पाण्याचा एक पाइप पुरे. भिंत पूर्ण सुकली तर चुरा होते आणि जास्त भिजली तर वितळते, थोडी दमट राहिली की सुखी. आमच्या इथे मागे एका कॉन्ट्रॅक्टरने खिडकीखाली कडक सिमेंट मारून वर प्लास्टिकसारखा पेंट दिला, ओल आत अडकली आणि दोन हिवाळ्यांत आतल्या बाजूने काळी बुरशी, बेडरूममधला वॉर्डरोब हलवावा लागला. नंतर आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने सगळं उकलून चुन्याने केलं, तो आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत फिरायचा, आवाज बोदा आला की खडूने गोल.

तेव्हा समोरून कितीही गोरंगोमटं दिसलं तरी घर घेताना जपून, एवढंच सांगेन. आणि कोणी इकडे आलात तर १३ ब्रन्सविक स्क्वेअर बघा, रीजन्सी टाउन हाउस म्हणतात, जुनं घर जसं होतं तसं परत उभं करतायत, तळघरापासून.

पायपीट

चुनखडीताई आणि समुद्राकाठीताई, दोघींचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल घरी येताना खिडक्या बघितल्या, खरंच वर वर बुटक्या होत जातात, आणि खालच्या खाचांवर हात फिरवून पाहिला (रेलिंगमधून, कोणी बघत नव्हतं).

मग आता आतमध्ये ती १८२६ ची घरं आहेत का अजून? म्हणजे तोच जिना, तीच फायरप्लेस वगैरे? की सगळे फ्लॅट केले?

चुनखडी

इथेच तर गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात या रांगांवर बॉम्ब पडले, काचा फुटल्या, छपरं उघडी पडली, माणसं निघून गेली आणि पाणी आत मुरत राहिलं, त्यात लाकडाला ड्राय रॉट, म्हणजे लाकूड खाणारी बुरशी लागली. बिल्डरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आतल्या बाजूला जिथे जिथे काटकसर केली होती ती सगळी तेव्हा बाहेर आली. पाडून टाका म्हणणारे होतेच. १९४६ मध्ये लॉर्ड गोरेल यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली आणि तिने पुढच्या वर्षी सांगितलं की नफ्या-तोट्याचं गणित फार न लावता या रांगा शक्य तितक्या वाचवा. मग लुई द स्वासों या आर्किटेक्टने कंबरलँड, चेस्टर, हॅनोव्हर या टेरेस हातात घेतल्या, बरंचसं काम असं की पुढची भिंत उभी ठेवायची आणि मागे नवीन बांधायचं.

त्यामुळे तू विचारतोस तो जिना बहुतेक ठिकाणी गेला. जे घर म्हणून पक्कं समजलं जायचं ते गेलं, आणि ज्याला लोक खोटं, दिखाऊ म्हणून हसले तो चेहराच काय तो जुना शिल्लक आहे. पार्काच्या दक्षिणेची पार्क क्रेसेंट तर त्याच्याही पुढे गेली, ती १९६० च्या दशकात अख्खी पाडली आणि पुढचा अर्धगोल हुबेहूब परत बांधला. माझे एक सर त्याला इमारत म्हणायलाच तयार नसायचे. मला ते पटत नाही, कारण नॅशने मुळात रस्त्यालाच चेहरा दिला होता आणि तो चेहरा आज जागेवर आहे, पण आतल्या घरांसाठी वाईट वाटतं हे खरं.

तिरकस

बघा, शेवटी कमानच टिकली, मंडप गेला. मी काय वेगळं म्हणत होतो!

चुनखडी

बरं बाबा, जिंकलास.

जुना_लंडनकर

अवांतर आहे पण राहवत नाही. याच कंबरलँड टेरेसच्या १६ नंबरात १९३६ साली वॉलिस सिम्प्सन राहत होती, जिच्यासाठी आठव्या एडवर्डने गादी सोडली ती. म्हणजे चौथ्या जॉर्जच्या (तोच तो प्रिन्स रीजंट) हौसेने बांधलेल्या रांगेतून एक राजा घरी गेला म्हणायचं.

आणि पायपीटराव, तुम्ही कॅम्डनला असता तर पार्काच्या उत्तरेला प्रिमरोझ हिलच्या बाजूने किंग हेन्रीज रोडला जाऊन या, १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते, महाराष्ट्र सरकारने ते २०१५ ला विकत घेतलं, आत स्मारक आहे. ती मात्र साधी मध्यमवर्गीय रांग आहे, नॅशनंतरची, खांब-पुतळ्यांची भानगड नाही. स्टको, म्हणजे हा गिलावाच बघायचा असेल तर दुसऱ्या दिशेला मैदा वेलला हाउली प्लेस, १० नंबर, शिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी लोकमान्य आले तेव्हा १९१८-१९ ला तिथे होते, दारावर पाटी आहे. तिथे सलग रांग नसून सुटे बंगले आहेत, पण तोच गिलावा, तोच पांढरा रंग. खटला हरले, खर्च प्रचंड झाला, आणि राहत होते अशा गोऱ्यापान भिंतींच्या गल्लीत.

पायपीट

हे दोन्ही माहीत नव्हतं काका! हाउली प्लेस कॅनॉलच्या जवळच दिसतंय मॅपवर, म्हणजे कॅम्डनहून टोपाथने (कॅनॉलकाठच्या पायवाटेने) चालतच जाता येईल. चुनखडीताई, एक शेवटचं विचारतो, चेस्टर टेरेसला दोन्ही टोकांना कमानी आहेत आणि त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय, त्या पण गिलाव्याच्याच का?

चुनखडी

हो, त्या पण गिलाव्याच्याच. आणि त्या कमानीतून आत जाऊन चेस्टरची पूर्ण लांबी चाल, पार्काभोवती एवढी लांब सलग भिंत दुसरी नाही, पावणेतीनशे मीटरच्या वर आहे. मग मागच्या गल्लीतून परत ये आणि तिथल्या विटा बघ. फोटो टाकलास तर मागचेच टाक, पुढचे सगळ्यांकडे आहेत.