गरम समुद्र, प्रवाळ आणि गंधक: जिवाणू खरे गुन्हेगार की नुसते साक्षीदार?

निळाशार: प्रवाळ पांढरे पडल्याच्या (म्हणजे उष्णतेने आतलं शैवाल गमावल्याच्या) बातमीत तापमान येतं, शैवाल येतं, जिवाणूंचं नावही नसतं. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल डीएमएसपी हे गंधकयुक्त रसायन बनवतं. (अक्रोपोरा या प्रवाळाची पिल्लं शैवालाशिवायही ते बनवतात, असं 2013 मध्ये दिसलं.) जिवाणू त्यातलं गंधक स्वतःसाठी वापरतात, नाहीतर रेणू तोडून डीएमएस वायू सोडतात. पाणी तापलं की एंडोझोइकोमोनाससारखे जुने रहिवासी जिवाणू बऱ्याचदा घटतात, व्हिब्रिओ हे रोगकारक जिवाणू माजतात, आणि गंधकाची वाटच बदलते. डीएमएसपासून ढगांची बीजं, म्हणजे ज्यांच्यावर ढगाचे थेंब जमतात ते बारीक कण, बनतात. म्हणजे प्रवाळ गेलं की वरची सावलीही गेली!

खारवा: सावलीचं जरा जास्तच झालं. डीएमएसमुळे ढग बनतात ही 1987 ची कल्पना मुळात प्लवकांबद्दल (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल) होती, आणि 2011 मध्ये क्विन व बेट्स या शास्त्रज्ञांनी तिच्यातली हवा काढली: समुद्रावर ढगांची बीजं मिठाच्या तुषारांतून आणि सेंद्रिय कणांतूनही येतात. प्रवाळ तर समुद्रतळाच्या 1 टक्काही नाही. राहिले जिवाणू. घर जळल्यावर उंदीर पळतात, म्हणून आग उंदरांनी लावली म्हणायचं का?

निळाशार: ढग राहू द्या. व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकसचं काय? तापलेल्या प्रवाळाच्या श्लेष्मात (अंगावरच्या चिकट स्रावात) डीएमएसपी वाढतं आणि हा जंतू त्याच्या मागावर पोहत येतो. गंमत म्हणजे तो ते खात नाही. नुसत्या वासावर आजारी सावज हेरतो! हे 2014 चं काम आहे. असला उंदीर मी तरी पाहिलेला नाही.

पाणकोंबडा: यात उलटी बाजूही आहे. स्यूडोव्हिब्रिओ नावाचा प्रवाळावरचाच जिवाणू डीएमएसपीतलं गंधक घेऊन एक प्रतिजैविक बनवतो आणि ते याच व्हिब्रिओला रोखतं. रसायन एकच, कोणाच्या हाती पडतं त्यावर सगळं. म्हणून तर उपकारक जिवाणू प्रवाळावर सोडायचे प्रयोग चाललेत. 2021 च्या एका प्रयोगात त्यामुळे तगून राहण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढलं.

खारवा: टाकीत! ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळरांग 2016, 2017, 2020, 2022, 2024 अशी लागोपाठ पांढरी पडली. तिथलं सागरी उद्यानच सुमारे 3,44,000 चौरस किलोमीटरचं. जिवाणू कुठेकुठे शिंपडणार? आणि पाणी पुन्हा तापलं की ते तरी टिकतील का?

पाणकोंबडा: सगळीकडे शिंपडा असं कोण म्हणतंय? रोपवाटिकेत वाढवलेल्या प्रवाळापुरतं बोलतोय मी.

खारवा: तेवढ्यापुरतं मान्य. मग धाग्याच्या मथळ्यात 'गुन्हेगार' कशाला?