मॉर्गन रायलीला आता ट्रेड करून टाकावं का? (उन्हाळा २०२५)

मिसिसागाकर:
मंडळी, २०२५ च्या प्लेऑफमध्ये फ्लोरिडाने आपल्या लीफ्सना (टोरांटोची आइस हॉकी टीम) सातव्या मॅचला घरच्या बर्फावर ६-१ धुतलं, मग आपला स्टार फॉरवर्ड मार्नरपण वेगासला गेला, आणि आमच्याकडे आता जेवताना एकच विषय, आपला डिफेन्समन (बचावपटू) रायलीचं काय करायचं. वय ३१, वर्षाला ७५ लाख डॉलर, काँट्रॅक्ट २०३० पर्यंत. २०१८-१९ ला ७२ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढलेला माणूस, २०२३-२४ ला ५८ होते, २०२४-२५ ला ४१. पॉवरप्लेला (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतो तेव्हा) पाच फॉरवर्ड खेळवायला लागले तेव्हा त्यालाच बसवला. मला वाटतं कोणी विचारत असेल तर आत्ताच द्यावा, दोन वर्षांनी फुकटातपण कोणी घेणार नाही. बायको म्हणते तो गेला तर मी लीफ्सची मॅच लावू देणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

ब्ल्यूलाइन_नागपूर:
द्यावा म्हणणं सोपं आहे हो भाऊ, पण त्याच्याकडे नो-मूव्हमेंट क्लॉज आहे ना, तो हो म्हणेपर्यंत मॅनेजर काहीच करू शकत नाही. आणि हो म्हणाला तरी तोच ठरवणार कुठे जायचं, म्हणजे घेणाऱ्या टीम एक-दोनच उरणार, मग भाव काय मिळणार कप्पाळ? वर ते म्हणणार अर्धा पगार तुम्हीच भरा.

जुना_फॅन:
असंच सगळे आपल्या जुन्या डिफेन्समन फानफबद्दल बोलायचे. कॅप्टन, ७० लाख डॉलर, २०२१ पर्यंतचं काँट्रॅक्ट, कोण घेणार म्हणे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑटवाने घेतला, तेही लीफ्सने त्याच्या पगारातलं काही स्वतःकडे न ठेवता. त्याच वर्षी आपण लीगमध्ये शेवटचे आलो आणि ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची निवड) पहिला नंबर लागून मॅथ्यूज मिळाला. त्यामुळे "हा विकलाच जाणार नाही" हे मला सांगू नका, गिऱ्हाईक निघतं.
पण तेव्हा टीम मोडून नव्याने बांधायची होती, पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) आणि पोरं घेऊन चाललं. आता मॅथ्यूज, नायलँडर ऐन भरात आहेत, रायली देऊन ड्राफ्ट पिक घेतला तर तो पोरगा खेळायला येईपर्यंत हे म्हातारे होतील.

स्कारबरोची_ताई:
पगाराचा एवढा बाऊ का करताय कळत नाही. काँट्रॅक्ट सुरू झालं तेव्हा कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) ८.२५ कोटी डॉलर होती, म्हणजे हा ९ टक्के खायचा. २०२५-२६ ला ९.५५ कोटी, २०२६-२७ ला १०.४, २०२७-२८ ला ११.३५ जाहीर झालीय. तेव्हा हाच माणूस साडेसहा टक्क्यांत पडेल आणि तेवढ्यात बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे डिफेन्समन मिळतील फक्त.
खरी अडचण वेगळी आहे. आपले बाकीचे डिफेन्समन टॅनेव्ह, मकेब, कार्लो सगळे अडवणारे, शॉट अंगावर घेणारे. पक (हॉकीची चकती) घेऊन स्वतः आपल्या झोनबाहेर पळणारा कोण? हाच, आणि थोडाफार एकमन-लार्सन. कोच बेरूबे म्हणतो पक काचेवर मारून झोनबाहेर फेका, मग रायलीचे पॉइंट कमी होणारच ना! त्याला टॅनेव्हसोबत लावा, दुसरा पॉवरप्ले द्या आणि मिनिटं थोडी कमी करा. त्याच्यासारखाच पक बाहेर काढणारा कोणी बदल्यात मिळत असेल तरच ट्रेडचं बोला.

जुना_फॅन:
ताई, मिनिटं कमी करा म्हणता, पण स्वतःच्या नेटसमोर माणूस सोडतो त्याचं काय? प्लेऑफमध्ये ते दिसतं.

स्कारबरोची_ताई:
दिसतं की. २०२३ ला टँपामध्ये तिसऱ्या मॅचचा ओव्हरटाइम गोल कुणी मारला तेपण दिसलं होतं.

मिसिसागाकर:
कॅपचं गणित मी धरलंच नव्हतं. तरी माझं मत निम्मंच बदललंय, कार्लोसाठी पहिल्या राउंडचा पिक गेलाय आणि आता हातात देण्यासारखं दुसरं आहे काय? रायली किंवा आपला तरुण फॉरवर्ड नाइज. नाइजला हात लावला तर मीच टीव्ही बंद करेन.