स्टीम वाँडची (दूध फेसाळायच्या वाफेच्या नळीची) टीप, म्हणजे टोक: दोन भोकांची की चार?

विश्रामबाग_कॉफी: घरच्या कॉफी मशीनचा बॉयलर ३०० मिलीचा आहे. चार भोकांच्या टीपने वाफ मध्येच दम टाकते, फेस जाडाभरडा येतो. एका वेळी १५० मिली म्हशीचं दूध. कुठली घेऊ?

कृष्णाकाठ: दोन भोकांची, प्रत्येक १ मिमी. भोकांचा आकडा नाही, एकूण क्षेत्रफळ बघा. १ मिमीची चार म्हणजे ३.१ चौ. मिमी, दोन म्हणजे १.६. एवढ्याशा बॉयलरचा दाब चारांतून भसकन उतरतो. १.५ मिमीचं एकच भोकही चालेल (१.८), पण मग दुधात भोवरा धरायला दुधाचा जग तिरका ठेवावा लागतो. दूध फ्रीजमधलं गार घ्या, ६०-६५ अंशांना थांबा.

मिरजेचा_पाना: मागवण्याआधी आटे मोजा! व्हर्निअर कॅलिपरने व्यास, शिवाय आटे आतून की बाहेरून. अंदाजाने आवळलं तर आटे गेलेच. ओ-रिंग (सांध्यातली गळती रोखणारी गोल रिंग) फूड ग्रेड सिलिकॉनची.

विश्रामबाग_कॉफी: जुन्या टीपची दोन भोकं बुजवली तर?

मिरजेचा_पाना: कशाने बुजवणार? एम-सील, सोल्डर दुधात नको. टीप स्वस्त असते, नवीच घ्या.

कृष्णाकाठ: आणि बोअरचं पाणी टाकीत घालू नका, क्षार बसतात. दूध झालं की लगेच ओलं फडकं, दोन सेकंद वाफ. साय वाळली की १ मिमीचं भोक आधी बुजतं.