मुलीच्या कानात पडद्यामागे पाणी, तीन महिने थांबायला सांगितलंय. घरी काय करू?

चिपळूणची आई
नमस्कार. मुलगी साडेपाच वर्षांची, यंदाच पहिलीत गेली. जुलैच्या शेवटी सर्दी झाली आणि आठवड्याभरात ओसरली. ताप नाही, कान ठणकला नाही, वाहिलाही नाही, त्यामुळे कानाचं कुणाच्या मनातच आलं नाही. मग ती सारखी "काय? काय म्हणालीस?" करायला लागली. टीव्हीचा आवाज वाढवून अगदी पुढ्यात जाऊन बसायची. मी ओरडले तिच्यावर, एकदा नाही, पुष्कळदा. "तुला ऐकायचंच नसतं" म्हणून एक धपाटाही घातला. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

एक दिवस पडवीत ती जमिनीवर चिंचोके मांडत बसली होती. मागून हाक मारली, "चिमे, दूध घे." हलली नाही. परत मारली, तरी नाही. पुढे जाऊन तिच्यासमोर बसले आणि तेच बोलले, तर माझ्या ओठांकडे बघून म्हणाली, "दूध?" पोटात धस्स झालं. पोर आवाज ऐकत नव्हती, माझं तोंड वाचत होती.

रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानात रबरी बोंडूक लावून दाबाची तपासणी केली. कागदावर डोंगरासारखा उंचवटा यायला हवा म्हणे, हिच्या दोन्ही कानांची रेघ सपाट आली. ऐकण्याच्या तपासणीत उजवा कान २५ डेसिबल, डावा ३५ (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). पडद्यामागे चिकट पाणी साठलंय, औषध काही नको, तीन महिन्यांनी या, असं सांगितलं.

औषध नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. सासूबाईंनी तिळाच्या तेलात लसूण कढवून वाटी तयार ठेवलीय. त्यांनी स्वतःच्या चारही मुलांना हेच केलं, त्यांची माया मला दिसते. शेजारच्या काकू ओव्याच्या पुरचुंडीने शेकायला सांगतात, नणंद वाफ द्यायला सांगते. यातलं काय करू, काय नको? तीन महिने शाळेचं काय? आणि नुसतं थांबून तिचं काही नुकसान तर होत नाही ना?

गुहागरकर
ताई, आमच्याकडे कानाला दडे बसले की तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधतात आणि कानामागे शेकतात. फार आराम पडतो. लसणाच्या तेलाचे दोन थेंबही घालून बघा. झाला तर फायदाच, नुकसान काही नाही.

कऱ्हाडची शिक्षिका
नुकसान होतं, म्हणूनच लिहायला बसले. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी हेच झालं होतं, आता तो चौदा वर्षांचा आहे. आम्हीही लसणाचं तेल घातलं होतं. कानाची नळी आतून सोलवटली आणि जे दुखत नव्हतं ते आठ दिवस दुखलं. शिवाय तेलाने कान इतका भरला की डॉक्टरांना पडदाच दिसेना.

"कानात पाणी" म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी, हे मला तेव्हा कळलं. नदीत डुंबून आल्यावर अडकतं ते पडद्याच्या अलीकडचं. मान तिरकी करायची, कानाची पाळी मागे-वर ओढायची, की ते बाहेर येतं. तुमच्या मुलीचं पाणी पडद्याच्या पलीकडे आहे. पडदा धड असेल तर वरून घातलेला थेंब, लसणाचा असो की आणखी कशाचा, पलीकडे पोचतच नाही. खिडकीच्या काचेला आतून आलेली वाफ बाहेरून फडकं मारून पुसता येत नाही, तसंच हे. बाहेरून कोमट शेक दुखऱ्या कानाला बरा वाटतो, तो देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पाणी त्याने हटत नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मात्र लहान मुलाला वाकवू नका. आमच्या शाळेतल्या एका मुलीची मांडी अशी भाजलेली मी पाहिली आहे.

घरात करण्यासारखं एक नक्की आहे, धूर बंद. कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर. धूप, डासांची अगरबत्ती, चुलीचा धूर यांपासूनही तिला लांब ठेवा. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात, त्याने झोप बरी लागते.

आता शाळेचं सांगते, कारण तिथेच खरी झीज होते. मी बावीस वर्षं शिकवतेय, आणि तरी माझ्याच मुलाच्या वहीत "लक्ष देत नाही" असा शेरा आला तेव्हा मी शेऱ्यावर विश्वास ठेवला, मुलावर नाही. श्रुतलेखनात तो "पाठ"चं "पाट" आणि "खडी"चं "कडी" लिहायचा. ते आळसाने नव्हतं, त्याला ह-कार ऐकूच येत नव्हता. तर उद्याच बाईंना भेटा, आणि तपासणीचा कागद दाखवा. पहिल्या बाकावर बसवा, बरा कान बाईंकडे. आधी नाव घ्यायचं, तिने वळून बघितलं की मग बोलायचं. फळ्याकडे तोंड करून सूचना द्यायची नाही. घरीही तेच करा, टीव्ही-मिक्सर बंद करून समोर बसून बोला. आवाज चढवू नका, जवळ जा. आणि रोज रात्री गोष्ट वाचून दाखवा, चेहरा तिच्याकडे करून, म्हणजे शब्द मागे पडत नाहीत.

आमचं पाणी चार महिन्यांनीही हटलं नाही, तेव्हा पडद्यात ग्रोमेट बसवलं, तिळाएवढी नळी. भूल दिली, संध्याकाळी घरी. त्याचे बाबा पेपर वाचत बसले होते, त्यांनी पान उलटलं तर मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याला कागदाचा आवाज नवा होता. नऊ महिन्यांनी नळी आपोआप गळून पडली.

कान-नाक-घसा, सोलापूर
बाईंनी नीट सांगितलंय. थांबण्यामागचं कारण तेवढं जोडतो. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. गिळताना, जांभई देताना ती उघडते आणि कानात हवा जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत सुजली, किंवा ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागचा टॉन्सिलसारखा भाग, वाढून नळीचं तोंड अडलं, की आतली हवा शोषली जाते, दाब उतरतो आणि पाणी झिरपून साठतं. मूल वाढतं तशी नळी लांब आणि उतरती होते. बहुतेक मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपणहून जिरतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे. प्रतिजैविकं, सर्दीची सिरपं, तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यांचा या पाण्यावर उपयोग नाही. कुणी लिहून दिली तर कशासाठी ते विचारा.

एक गोष्ट करून बघता येईल, नाकाने फुगवायचा फुगा. एक नाकपुडी दाबून दुसरीला बोंडूक लावायचं आणि फुगा फुगवायचा, दिवसातून तीनदा. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याची चाचणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. महिन्याभराने फुगा वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुलांच्या दाबाच्या तपासणीचा आलेख सुधारला, न वापरणाऱ्यांत ३६ टक्के. फरक मोठा नाही, पण अपाय नाही आणि मूल हौसेने करतं. वाहती सर्दी असताना करू नका.

मधल्या काळात कान ठणकून ताप आला, कानामागे सूज येऊन पाळी पुढे आली, चेहरा वाकडा वाटला किंवा तोल जायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोलणं आधीच मागे असलेल्या मुलांना किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांना नुसतं तीन महिने थांबा असं सांगत नाहीत, हे इतर वाचणाऱ्यांसाठी. आणि खर्चाची अडचण असलेल्यांनी अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जरूर सांगा, कानाची तपासणी त्यात येते.

एक वाचक, नागपूर
मी ४६ वर्षांचा. डाव्याच कानाला दोन महिने दडा बसलाय. सर्दी नाही, दुखत नाही. डॉक्टर पडद्यामागे पाणी म्हणाले. मीही तीन महिने थांबू का?

कान-नाक-घसा, सोलापूर
नाही. मोठ्या माणसाच्या एकाच कानात, सर्दी नसताना पाणी साठलं तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने पाहावीच लागते. नळीचं तोंड तिथे असतं आणि क्वचित तिथे गाठ असते. बहुतेकदा काही निघत नाही, पण न बघता थांबू नका. या आठवड्यातच जा.

चिपळूणची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. नोव्हेंबरच्या तपासणीनंतर लिहितेय.

उजव्या कानाच्या रेघेला आता उंचवटा आलाय, छोटासा, पण आलाय. ऐकणं १५ डेसिबलवर. डावा अजून सपाट आहे, ३० वर. डॉक्टरांनी आणखी दोन महिने दिलेत, तोवर फुगा चालू ठेवायचा. जानेवारीत तसंच असेल तर डाव्या कानात नळी.

सासूबाईंना तपासणीचे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. रेघेवरून बोट फिरवत बराच वेळ बघत बसल्या. लसणाची वाटी आता मुलीच्या तळपायांना लागते, कानाकडे जात नाही. सासऱ्यांनी बिडी ओढायला अंगणातल्या फणसाखाली खुर्ची नेऊन ठेवलीय.

बाईंना दुसऱ्याच दिवशी भेटले होते. त्यांनी वाद घातला नाही, उलट विचारलं की बरा कान कुठला. आता ती पहिल्या बाकावर बसते, डावा कान भिंतीकडे. पुढची तारीख १८ जानेवारी. नागपूरच्या दादा, तुम्ही दाखवलंत का? कळवा.