गाडी जुनी झाली म्हणून विमा अर्धवट करायचा का?

सुकाणू
"दहा वर्षांपुढच्या गाडीला कॉम्प्रिहेन्सिव्ह काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. थर्ड पार्टी घ्या आणि निवांत राहा," असं हिशेबनीस यांनी परवा लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

निवांत कसं राहायचं? थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान भरून निघतं, आपलं नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये दोघांचंही. चोरी, आग, पूर, सगळं आपल्या खिशातून. माझी गाडी ११ वर्षांची. गेल्या वादळात उभ्या गाडीवर फांदी पडली. टपाला हातभर खळगा. पुढची काच जाळ्यासारखी तडकून जागेवर राहिली, मागची मात्र गारांसारखी सीटभर सांडली. खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला गेला. घसारा कापून का होईना, कंपनीने भरला. गाडीचं वय बघू नका. उद्या सकाळी गाडी गेली तर दुसरी घ्यायला हातात पैसे आहेत का, ते बघा. माझ्याकडे नाहीत.

हिशेबनीस
माझं अर्धंच वाक्य उचललंत. वाचणारा फरक दरवर्षी बाजूला टाकायचा, हेही मी लिहिलं होतं. समजा गाडीची किंमत १००. थर्ड पार्टीला २ जातात, कॉम्प्रिहेन्सिव्हला ७. फरक ५. गाडी साफ गेली तरी पूर्ण १०० हातात पडत नाहीत, कपात होते. ८५ धरू. म्हणजे १७ वर्षांत एकदा गाडी साफ गेली तर कुठे बरोबरी. आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते, ते वेगळंच. पॉलिसीत ठरीव किंमत लिहिली आहे की नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव, हे किती जण वाचतात?

सुकाणू
हिशेब फक्त गाडी साफ जाण्याचा केलात. माझी फांदी त्यात कुठे आहे? आणि दुसऱ्याच वर्षी गाडी चोरीला गेली तर तुमच्या डब्यात १० असतील, लागणार १००.

दुसरा_गिअर
पुराचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझ्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह होता, तरी इंजिनाचा क्लेम नाकारला. रात्री तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी भरलं. सकाळी ओसरलं होतं, म्हणून किल्ली फिरवली. दोनदा घरघर झाली, मग ठण्णकन आवाज, मग काहीच नाही. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने एअर फिल्टर काढून दाखवला. ओला चिंब, कडेला चिखलाची रेघ. म्हणाला, पाणी शिरलं ते आम्ही भरू, किल्ली फिरवल्यावर जे झालं ते नाही. सीट आणि वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाहीत.

रानवाट
त्याचं बरोबर आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायचीच नाही. बॅटरीची वायर काढायची, टो करून गॅरेजला न्यायची. चूक तुमचीच.

दुसरा_गिअर
चूक कुणाची ते मला सहा महिने हप्ते फेडताना कळलंय, तुम्ही सांगायची गरज नाही. पॉलिसी विकणाऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर? इंजिनाचं वेगळं संरक्षण मागितलं होतं मी. गाडीचं वय जास्त म्हणून दिलं नाही. जिला गरज जास्त, नेमकी तीच गाडी वगळतात.

रानवाट
बोलण्याचा सूर चुकला, माफ करा. मुद्दा सोडत नाही.

हिशेबनीस
बघा! कॉम्प्रिहेन्सिव्ह भरूनही इंजिन गेलंच.

सुकाणू
त्यांचं नुकसान तुमच्या हिशेबाला जोडू नका. सीट आणि वायरिंग तरी कुणी दिलं असतं?

जुना_परवाना
तुमचं पाण्याचं चालू द्या. मला शीर्षकातला 'अर्धवट' हा शब्द खटकलाय. थर्ड पार्टी विमा गाडीवाल्यासाठी नाहीच, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९२७ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने तो सक्तीचा झाला, कारण धडक बसलेल्याला भरपाई द्यायला धडक देणाऱ्याकडे पैसेच नसत. माझ्या धाकट्या भावाला एका गाडीने उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ती गाडी खटारा होती, पण तिचा थर्ड पार्टी चालू होता. भावाचा उपचार त्यातून झाला. त्या माणसाने तो बुडवला असता तर आम्ही घर विकलं असतं. कॉम्प्रिहेन्सिव्हवर खुशाल भांडा, पण याला कमी लेखू नका.

सुकाणू
'अर्धवट' मागे घेतो. शीर्षक आता बदलता येत नाही. पण हिशेबनीस, एक सरळ प्रश्न. तो फरक तुम्ही खरंच बाजूला टाकलात का?

हिशेबनीस
पहिली दोन वर्षं टाकला. तिसऱ्या वर्षी मुलीची फी भरायची होती, त्यात गेला. त्यानंतर टाकलेला नाही.

गणित चुकलेलं नाही, तेवढं सांगतो. पण ज्याच्याकडे साठलेले पैसे नाहीत त्याने माझ्या भरवशावर कॉम्प्रिहेन्सिव्ह सोडू नये, हे मला आधीच लिहायला हवं होतं. नाइलाजाने मान्य करतोय.

दुसरा_गिअर
रिन्यूअल कधी आहे तुमचं?

हिशेबनीस
पुढच्या महिन्यात. दोन्हींचे आकडे मागवलेत. कपात किती आणि किंमत कशी धरणार, हे या वेळी लेखी मागितलंय.

दुसरा_गिअर
पाणी शिरलेल्या इंजिनाचंही लेखी मागा.