साडेचार हजारात एअरब्रश होईल का? तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवायचे आहेत

सक्करदऱ्याची नंदीवाली
नमस्कार मंडळी. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा, त्यासाठी दरवर्षी नात्यातल्या पोरांचे लाकडी नंदी मी घरीच रंगवते. यंदा सात आहेत, वीतभरापासून हातभर उंचीचे. बाकी सगळं ब्रशने जमते, पण वशिंडाजवळची राखाडी छटा पांढऱ्यात विरत नाही, काठ दिसतोच. स्पंजने करून पाहिलं तर ठिपके आले. नागपूरच्या चितार ओळीत एका मूर्तिकाराला गणपतीच्या गालावर एअरब्रशची गन (हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा उडवते ती) मारताना पाहिलं, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. हातात साडेचार हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. घर दोन खोल्यांचं, सासूबाई दुपारी झोपतात, म्हणून आवाज नको. घरात जुनं नेब्युलायझर पडून आहे, ते चालेल का? की चार्जिंगवाला संच घेऊ?

मनीषनगर मॉडेलवाला
ताई, नेब्युलायझरचा दाब फार कमी. शाईसारखा पातळ रंग कसाबसा उडतो, ॲक्रिलिकचे थेंबच पडतात. चार्जिंगवाला माझ्याकडे आहे. त्यात दाब कमी-जास्त करता येत नाही आणि अर्ध्या तासात चार्जिंग संपते. सात नंदींना नाही पुरणार.

महालातले काका
ताई, गन स्वस्तातली चालते, हवा स्वस्तातली चालत नाही. पैसा हवेवर लावा.

गन डबल ॲक्शन घ्या (खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वर वाटी असलेली, ०.३ मिमी सुईची. मला अकराशेला पडली, चार वर्षं झाली, अजून तीच वापरून राहिलो. ०.२ ची घेऊ नका. मला एका दुकानदाराने ‘बारीक काम होते’ म्हणून तीच दिली होती. आपल्या बाटलीतल्या ॲक्रिलिकने ती दर पाच मिनिटांनी तुंबायची, आणि मी महिनाभर स्वतःच्या हातालाच दोष देत बसलो.

आता हवा. टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर तुमच्या पैशात बसत नाही, आणि बिनटाकीचा घेतला तर हवा धक्क्याधक्क्याने येते. मी पहिलं वर्ष गाडीच्या स्टेपनीवर काढलं. पंपावर ३५ पीएसआय हवा भरायची, व्हॉल्व्हला नळी, मध्ये दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, आणि १५ ते २० वर रंगवायचं. सलग दाबून ठेवलं तर तीन-चार मिनिटांत दाब उतरतो. पण छटा सलग मारायची नसतेच, टप्प्याटप्प्याने मारायची. आवाज शून्य, सासूबाईंची झोप मोडणार नाही. टायरवर लिहिलेल्या दाबाच्या वर मात्र कधी भरू नका. नुसत्या ट्यूबवरही करू नका, ती टायरबाहेर तेवढा दाब धरत नाही.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर कोणी सुचवेल. तोही शांत चालतो, पण प्रेशर स्विच (दाब भरला की मशीन बंद करणारा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) लावल्याशिवाय हात लावू नका. टाकी म्हणून भंगारातलं सिलिंडर तर अजिबात नको, आतला गंज बाहेरून दिसत नाही.

उरलेल्या पैशातून रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप आधी घ्या. पोळा पावसाळ्यात येतो. हवेतलं पाणी नळीत जमते आणि तयार झालेल्या पांढऱ्या पाठीवर फुर्रकन थेंब उडतो. माझा एक नंदी असाच गेला, घासून पुन्हा प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापासून, करावा लागला. ट्रॅप गनच्या जवळ लावा आणि मधून मधून रिकामा करा.

सक्करदऱ्याची नंदीवाली
काका, दिराची गाडी खालीच उभी असते, स्टेपनीचं जमलं! रंग कोणता? माझ्याकडे साधे बाटलीतले ॲक्रिलिक आहेत.

महालातले काका
तेच चालतात. पाण्याने दुधाइतके पातळ करा आणि जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्या. गाळणं टाळू नका, वाळलेल्या रंगाचा एक कण नोझलमध्ये बसला की संपलं. लाकूड आधी घासून, प्रायमर मारून घ्या. छटा मारताना गन चार बोटं लांब धरा. आधी हवा सुरू करा, मग खटका मागे ओढा. सोडताना आधी रंग बंद, मग हवा. पहिले दोन दिवस फक्त जुन्या पेपरावर सराव करजो.

रंग बदलताना वाटीत पाणी घ्या, नोझलवर फडकं दाबा आणि खटका ओढा. हवा उलटी जाऊन वाटीत बुडबुडे येतात, अडकलेला रंग वर निघतो. शेवटी सुई मागून काढून टोकाकडे पुसत न्या, उलटं पुसलं तर टोक वाकते. अख्खी गन थिनरमध्ये बुडवू नका, रबराचे वॉशर फुगतात.

मनीषनगर मॉडेलवाला
एक जोडतो. ॲक्रिलिक असलं तरी खिडकी उघडी आणि तोंडाला एन-९५ हवाच. पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा, उग्र वासाचा रंग त्या मास्कवर भागत नाही, वाफ आरपार जाते. तो घरात नकोच.

सक्करदऱ्याची नंदीवाली
गन मागवली. रेग्युलेटर बघायला रविवारी इतवारीत जाते. काका, स्टेपनीच्या व्हॉल्व्हमधली पिन काढायची का?

महालातले काका
नाही, तशीच राहू द्या. पंक्चरवाल्याकडे पिन दाबून बसणारा चक भेटतो, तोच नळीला लावून घ्या. पिन काढली तर नळी जोडायच्या आतच सगळी हवा जाईल.