मदत हवी आहे: गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेविरुद्ध दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. भाच्याचं प्रकरण आहे. 2023 मध्ये बांधावरून भांडण झालं, भादंवि (भारतीय दंड विधान) 323 (साधी मारहाण) आणि 504 (चिथावणीसाठी मुद्दाम अपमान) लागलं. तारखेला कोर्टात कुणीतरी सांगितलं, "कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो." वकील नव्हता. पोराने मान डोलावली, दंडाची पावती घेतली आणि घरी आला. आता पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी समोर आहे. माहिती लपवायचा प्रश्नच नाही, पण शिक्षेचा शिक्का राहतोय.

मी वाचलं त्याप्रमाणे कबुलीवर शिक्षा झाली की अपील होत नाही. फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 375, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 416. म्हणजे उरतो रिव्हिजन अर्ज (खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने तपासावा यासाठीचा). त्याची मुदत 90 दिवस, ती कधीच उलटली.

कोर्टातून प्रकरणाच्या कागदांची नक्कल काढली तर कबुलीचा कागद छापील निघाला. "गुन्हा समजावून सांगितला, मला गुन्हा कबूल आहे" हे आधीच छापलेलं, पेनाने फक्त नाव. जुन्या संहितेच्या कलम 252 प्रमाणे कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते ना? मला तरी हाच मुद्दा भक्कम वाटतो.

कुणी अशा मुद्द्यावर सत्र न्यायालयात रिव्हिजन केलंय का? विलंब माफीच्या अर्जात कारण काय दिलंत? रोजनाम्याची (कोर्टाच्या तारखेवारीच्या नोंदीची) नक्कलही जोडावी लागते का? आणि शिक्षा रद्द झाली तर खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो का?